नकलेला शून्य देणाऱ्या परीक्षकांस

प्रति,
खान्देशातल्या कॉलेज गॅदरिंगच्या आणि मंडळांच्या बँड स्पर्धांचे परीक्षक व संयोजक,

स. न. वि. वि.

तुम्ही पहिल्या रांगेत सोफ्यावर बसता, मी सगळ्यात मागे मिक्सरवर. तुमच्या कानावर जे पडते ते माझ्या हातातून गेलेले असते. भुसावळ, जळगाव, धुळे, कधी पार शहादा-तळोद्यापर्यंत, सुपारी मिळेल तिथे साउंड लावणे हा माझा धंदा. हळद, कीर्तन, प्रचारसभा आणि थंडीत गॅदरिंग. त्यामुळे तुमचे निकाल मी बरेच ऐकले आहेत आणि गुणपत्रिकाही पाहिल्या आहेत, कारण कार्यक्रम संपला की त्या हमखास माझ्या टेबलावर चहाच्या कपाखाली सापडतात.

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजात (नाव घेत नाही, सगळीकडे तेच चालते) तापीकाठच्या एका गावातली चार पोरे आली. गिटार, बेस, ड्रम आणि गाणारा. गाणे स्वतःचे होते, तापीच्या पुरावरचे, अर्ध्या ओळी अहिराणीत. बाज मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या इंग्रजी रॉकचा. जाड, घासल्यासारखा गिटारचा आवाज, त्यावर चिरत जाणारा वरचा गळा. गाणे संपल्यावर परीक्षकांनी माइक घेतला आणि विचारले, ‘काय रे, ग्रेटा व्हॅन फ्लीट ऐकता का?’ पोरगा खूश होऊन म्हणाला, ‘हो सर!’ परीक्षक म्हणाले, ‘अरे, तेच लेड झेपेलिनची कॉपी करतात. म्हणजे तुम्ही कॉपीची कॉपी.’ हॉल हसला. मौलिकतेच्या रकान्यात पडला शून्य, आणि शेऱ्याच्या जागी एकच शब्द, ‘नक्कल’. केबल गुंडाळताना त्यातला ड्रमवाला मला म्हणाला, ‘भाऊ, गाणं ते आमनंच शे ना?’

तुम्ही ग्रेटा व्हॅन फ्लीटचे नाव काढलेच आहे, तर त्या परदेशी चौघांच्या बँडचा हिशेब पुरता मांडू या. अर्धा हिशेब सांगून पोरांना हसणे बरे नव्हे.

मिशिगन राज्यात फ्रँकनमुथ नावाचे गाव आहे. वस्ती पाचेक हजारांची, म्हणजे आपल्याकडे ते बऱ्यापैकी मोठे खेडेच ठरेल. जर्मन लोकांनी वसवलेले, कोंबडीच्या जेवणासाठी आणि नाताळच्या सजावटीच्या दुकानासाठी प्रसिद्ध. तिथे 2012 मध्ये किस्का घरातले तीन भाऊ, जोश, जेक आणि सॅम, घरातच वाजवायला लागले. जोश आणि जेक जुळे, सॅम धाकटा. ड्रमवर पुढे डॅनी वॅगनर आला. बँडचे नाव गावातल्याच एका म्हाताऱ्या बाईंच्या नावावरून घेतलेले. घरात आईवडिलांच्या जुन्या तबकड्या होत्या, ब्लूज, सोल, लोकसंगीत. पोरे त्याच ऐकत वाढली. 2017 मध्ये त्यांचे पहिले स्टुडिओतले छोटे ध्वनिमुद्रण बाहेर पडले तेव्हा जुळ्या भावांना 21 वे वर्ष पुरे होत आले होते आणि बाकीचे दोघे 18 वर्षांचे होते.

आवाज कानावर पडताच जगभरच्या रॉकवाल्यांनी एकच नाव घेतले, लेड झेपेलिन, पन्नास वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा गाजलेला रॉक बँड. जोशचा गळा झेपेलिनच्या रॉबर्ट प्लांटसारखा, जेकची गिटार झेपेलिनच्याच जिमी पेजसारखी. यात खोटे काहीच नव्हते. खुद्द प्लांट 2018 मध्ये हसत म्हणाला की हे म्हणजे आमचा पहिला अल्बमच, आणि या पोराने गळा ज्याच्याकडून उचललाय त्याला मी फार जवळून ओळखतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘अँथम ऑफ द पीसफुल आर्मी’ हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम आला आणि पिचफोर्क या अमेरिकेतल्या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी 1.6 गुण दिले. तुमच्या शून्यापेक्षा बरे म्हणायचे. चार महिन्यांनी, 2019 च्या फेब्रुवारीत, त्याआधीच्या ‘फ्रॉम द फायर्स’ला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचा ग्रॅमी मिळाला. म्हणजे एकाने शेण मारले आणि दुसऱ्याने हार घातला. मला विचाराल तर दोघांनीही घाई केली.

‘फ्रॉम द फायर्स’मध्ये एकूण आठ गाणी आहेत, त्यातली दोन दुसऱ्यांची. एक सॅम कूकचे, 1960 च्या दशकातल्या काळ्या अमेरिकेचे मोठे गाणे. दुसरे फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्रज लोकसंगीताच्या बँडचे. नुसती झेपेलिनची नक्कल करायची असती तर ही दोन गाणी उचलायचे कारण काय? झेपेलिनच्या पाठीमागेही हीच दोन दारे होती. एक काळ्यांच्या ब्लूजचे, दुसरे इंग्रजी लोकगाण्यांचे. फेअरपोर्टची गायिका सँडी डेनी झेपेलिनच्या चौथ्या अल्बमवर गायली आहे. पोरे धन्याच्या ओसरीवर थांबली नव्हती, परसदारी विहीर कुठे आहे ते शोधत होती. परीक्षकाने ओळखायचे ते हे. पण तेवढे ऐकायला दुसऱ्यांदा ऐकावे लागते.

आता पहिल्या अल्बमबद्दल सरळ सांगतो. तो मला बेताचाच वाटतो. गाणी अंगात जोर आहे म्हणून जोरात वाजवलेली, शब्द शांतता, निसर्ग, माणूस असे सगळे ढगातले. कुठे थांबायचे ते कळत नाही. तुम्ही त्याला कमी गुण दिलेत तर माझा वाद नाही.

वाद पुढच्यावर आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये ‘द बॅटल अॅट गार्डन्स गेट’ आला. निर्माता (स्टुडिओत समोर बसून अल्बम घडवून घेणारा) ग्रेग कर्स्टिन, गायिका अडेलच्या ‘हॅलो’ गाण्यामागचा माणूस, म्हणजे रॉकच्या वाड्यातला कोणी जुना कारभारी नव्हे. त्याने या चौघांना खोली मोठी करून दिली. पहिलेच गाणे ऑर्गनने उघडते. गिटारचा फटका नाही की किंकाळी नाही. ऑर्गनचा सूर पसरत जातो, ड्रम लांबून येतात आणि मग जोशचा आवाज चढतो. हेडफोन लावून ऐका. त्या सुरुवातीला धाकट्या सॅमच्या हाताखाली सगळी इमारत आहे. बेस वाजवणारे पोरगे ऑर्गनवर बसले आणि बँडचा तोल बदलला. ‘लाइट माय लव्ह’ पियानोवर चालते. शेवटचे ‘द वेट ऑफ ड्रीम्स’ जवळजवळ नऊ मिनिटांचे, आणि त्याच्या शेवटी जेकची गिटार जे करते ते पेजच्या वहीत सापडत नाही. ती घाई करत नाही. एकच कल्पना घेते, वाढवत नेते, पुन्हा खाली आणते आणि पुन्हा चढते.

दोषही आहेत. बारा गाणी, तासाभराहून जास्त वेळ. मधली दोन-तीन गाळली असती तर बिघडले नसते. ‘बिल्ट बाय नेशन्स’ ऐकताना मलासुद्धा झेपेलिनची चौथी तबकडी आठवते, तिथे मी त्यांची बाजू घेणार नाही. पण हा बँड आता मोठ्या आवाजाचा न राहता मोठ्या जागेचा झाला होता. हा फरक तुम्हाला सोफ्यावरून लगेच कळत नसेल, मला मिक्सरवर लगेच कळतो. आवाज वाढवणाऱ्या बँडला मी गेन खाली आणतो. जागा करणाऱ्या बँडला मी हातच लावत नाही.

मग 2023 च्या जुलैमध्ये ‘स्टारकॅचर’. आता निर्माता डेव्ह कॉब, नॅशव्हिलचा, कंट्री गायक ख्रिस स्टेपल्टनचे अल्बम करणारा. तो कर्स्टिनच्या अगदी उलट्या दिशेचा. चौघांना एका खोलीत उभे केले, वाजवा म्हणाला, आणि जे वाजले ते शक्य तितके तसेच राहू दिले. दहा गाणी, सुमारे 43 मिनिटे. ‘रनवे ब्लूज’ तर सव्वा मिनिटाचे आहे. सुरू होते, अंगावर येते आणि विरून जाते. पूर्वी याच पोरांनी त्याचे सहा मिनिटांचे सोंग केले असते. ‘द फॉलिंग स्काय’मध्ये मध्येच माउथऑर्गन येतो, धुळीच्या रस्त्यावरून आल्यासारखा. ‘मीटिंग द मास्टर’ साध्या गिटारवर हळू सुरू होते आणि शेवटी आरडाओरड्यात संपते, पण तिथवर कसे नेले ते ऐकण्यासारखे आहे. डॅनीचे ड्रम तर या अल्बमवर पहिल्यांदा खोलीत वाजल्यासारखे ऐकू येतात. कातडे, लाकूड, भिंत, सगळे. मी ड्रमला माइक लावणारा माणूस आहे. मला तेच दिसणार, माफ करा.

स्टारकॅचरवर काहींनी म्हटले, हे परत मागे गेले. मला तसे वाटत नाही. आधी ते मोठे झाले, मग त्यांनी छाटले. वाढवल्याशिवाय काय छाटायचे ते कळत नाही. शब्द अजूनही ढगातच आहेत, हे मात्र मान्य. पुढच्या अल्बममध्ये त्यांनी फ्रँकनमुथच्या एखाद्या दुकानावर, एखाद्या बेकार दुपारवर गाणे करावे अशी माझी इच्छा आहे. पण ती माझी इच्छा, तो त्यांचा दोष नव्हे.

या हिशेबात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की पोरे तीच होती. तेच चौघे, तोच गळा. बदलला तो त्यांच्यासमोर बसलेला माणूस. एकाने सांगितले, पसरा. दुसऱ्याने सांगितले, आवरा. दोघांनीही ‘तुम्ही नक्कल आहात’ असे सांगून त्यांना घरी पाठवले नाही.

आपल्याकडे हा माणूस कोण आहे? जळगावात स्टुडिओ आहेत, पण ते अहिराणी डीजे गाण्यांचे आणि निवडणुकीच्या जिंगलचे. तिथे पोरांना कोणी म्हणत नाही की दुसरे कडवे काढून टाक, तुझा बेस ऐकू येत नाही, ड्रमरला शेवटच्या ओळीआधी थांबव. आपल्या पोरांच्या समोर बसून पूर्ण गाणे ऐकणारी, आणि ज्यांचे त्यांनी ऐकावे अशी माणसे म्हणजे तुम्ही. वर्षातून एकदा, दहा मिनिटांसाठी. कर्स्टिन आणि कॉब यांचे जे काम तिकडे होते, ते इकडे तुमच्या शेऱ्याच्या रकान्याने करायचे आहे. आणि त्या रकान्यात तुम्ही एक शब्द लिहिता.

नक्कल म्हटले की झेपेलिनचा आदर्श पुढे केला जातो, म्हणून त्यांचेही सांगून टाकतो. त्यांच्या 1969 च्या पहिल्या अल्बमवर शिकागोच्या विली डिक्सनची दोन गाणी आहेत, नाव देऊन घेतलेली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बमवरच्या ‘होल लॉटा लव्ह’मध्ये मात्र डिक्सनच्या ओळी नाव न देता आल्या. डिक्सनने 1985 मध्ये दावा लावला, 1987 मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला आणि आता श्रेयात त्याचे नाव असते. 1972 मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले, आपल्या वादकांना घेऊन स्वतःची दोन गाणी वाजवून पाहिली. ते मुद्रण 2015 मध्ये लोकांपुढे आले. घेणारे घेतच होते. तुमच्या निकषाने 1969 साली झेपेलिनला भुसावळच्या गॅदरिंगमध्ये मौलिकतेसाठी किती गुण पडले असते, ते तुम्हीच सांगा.

एवढे लांब कशाला, आपलेच कुमार गंधर्व घ्या. लहानपणी ते ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब गायचे, तान, हरकत, श्वाससुद्धा. लोक तोंडात बोट घालायचे. पोर मुंबईला बी. आर. देवधरांकडे गेले. देवधर मास्तर स्वतः नाना घराण्यांच्या चिजा गोळा करणारे, त्यांनी पोराच्या नकलेला हसण्याऐवजी तिच्या मुळाशी काय आहे ते शिकवले. पुढे क्षयाने काही वर्षे गाणे बंद पडले, देवासला अंथरुणावर माळव्याची लोकगीते कानावर पडत राहिली, आणि जो गवई उठला तो कोणासारखाच नव्हता. देवास इथून लांब नाही. सातपुडा आणि विंध्य ओलांडला की पलीकडेच.

आणि खान्देशात नकलेचा बाऊ करणे तर मला कळतच नाही. आपल्याकडचा लग्नाचा बँड ऐकलाय ना? शुक्रवारी पिक्चर लागला की रविवारच्या वरातीत त्यातले गाणे हुबेहूब वाजले पाहिजे, नाहीतर नवरदेवाचा मामा भांडायला येतो. त्या बँडमधला चांगला क्लॅरनेटवाला गाणे एकदा वाजवतो मूळ चालीत, दुसऱ्यांदा वाजवताना मध्येच आपल्या कानबाई देवीच्या गाण्याचा एखादा तुकडा घालतो, आणि बायका हसत मागे वळतात. तो तुकडा कुठून आला, कसा बसला, हे त्याला कोणी शिकवले नाही. हजार वेळा हुबेहूब वाजवल्यावर ते बोटांत येते. ज्याला हुबेहूब वाजवता येत नाही त्याचा बदल म्हणजे चूक असते. हुबेहूब येणाऱ्याचा बदल गाणे असते.

नक्कल सगळी सारखी असते असे माझे म्हणणे नाही. मीसुद्धा स्टेजवर असे बँड पाहतो की फक्त केस वाढवले, बेलबॉटम घातले, गिटारला महागडा पेडल जोडला आणि चौथ्या बारला ताल सोडला. त्यांना खुशाल कमी द्या. पण त्या चार पोरांमध्ये ड्रमवाल्याने पुराचे कडवे आले तेव्हा सिंबल सोडून नुसते टॉम, म्हणजे जाड आवाजाचे ड्रम, वाजवले होते, खालचे, संथ, पाणी चढत असल्यासारखे. ते झेपेलिनमध्ये नाही, ग्रेटा व्हॅन फ्लीटमध्ये नाही. ते त्याच्या गावाचे होते. मी मागे उभा राहून ऐकले, आणि तुमची मान त्या वेळी खाली होती, मोबाइलवर.

म्हणून मागणे मांडतो. पत्र खुले आहे, तेव्हा लपवून ठेवत नाही.

मौलिकतेचा रकाना ठेवायचा तर ठेवा, पण त्यात शून्य देताना खाली निदान तीन ओळी लिहा. काय उचलले, कुठून उचलले, आणि उचललेल्याचे काय केले. ‘गळा प्लांटचा, पण पुराच्या कडव्यात ड्रम चांगले, गिटारने तिथे गप्प बसावे’ एवढे लिहिले असते तर ती पोरे वर्षभर त्याच्यावर काम करत बसली असती. संयोजकांनी गुणपत्रिका स्पर्धकांना द्याव्यात. आता त्या माझ्या चहाच्या कपाखाली येतात, तिथे त्यांचा उपयोग नाही.

तोच बँड दुसऱ्या वर्षी आला तर आदल्या वर्षीचा शेरा तुमच्या समोर असू द्या. तिसऱ्या वर्षी आला तर दोन्ही. तीन अल्बम ऐकल्यावर त्या मिशिगनच्या पोरांबद्दल मला जे मत बनवता आले, ते पहिल्यावर बनले नसते. 1.6 देणाऱ्याला पुढचे ऐकण्याची सक्ती नव्हती. तुम्हाला असली पाहिजे, कारण दुसरे कोणी ऐकणार नाही.

परीक्षक बोलावताना एक तरी असा बोलवा ज्याने कधी ड्रम किंवा बेस हातात घेतला आहे. सुगम संगीताच्या बाई आणि हार्मोनियमचे सर यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ते दोघे मिळून सगळे गुण गायकाला देतात. बँड म्हणजे गायक आणि मागची गर्दी नव्हे.

अहिराणीत, लेवा बोलीत गाणाऱ्याला ‘भाषा अशुद्ध’ म्हणून गुण कापणे थांबवा. बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठाच्या छत्रात राहून हे शोभत नाही, इतकेच म्हणतो.

आणि साउंडचेक. प्रत्येक बँडला दहा मिनिटे द्या, भाषणातून कापून. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, सत्काराला उत्तर, आभाराचे आभार यात तासभर जातो आणि पोरांना सांगतात, ‘चला, लवकर लावा.’ गाणाऱ्याला स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो ओरडतो, बेसूर होतो, आणि तुम्ही लिहिता ‘सुरात नाही’. मॉनिटर मागितला तर संयोजक म्हणतात बजेट नाही. ती अडचण माझ्याकडे सोपवा. बँड स्पर्धा असेल त्या दिवशी स्टेजवरचे दोन मॉनिटर आणि ड्रमचे माइक मी भाड्याशिवाय लावीन. गाडीचे डिझेल तेवढे द्यावे, आणि जनरेटरला वेगळी लाइन. मागच्या वेळी समोशाच्या शेगडीला जोडली होती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मिक्सरवरचा साउंडवाला,
भुसावळ